मयताच्या बातमीनंतरचं गाणं

पिजन फोर्कच्या दरीत माणूस दोनदा मरायचा. एकदा आपला आपण, आणि दुसऱ्यांदा सकाळी आठच्या बातम्यांनंतर डेल्फा टॅकेटच्या तोंडून. त्यातलं दुसरं मरण खरं धरत. डॉक्टर काही का म्हणेना, डेल्फाने रेडिओवर नाव वाचल्याशिवाय कुणी मयताच्या घरी शिजवलेल्या अन्नाचं भांडं घेऊन जात नसे. एकदा तिने बापाऐवजी मुलाचं नाव वाचलं. दोघांचीही नावं होबर्टच, त्यामुळे घोटाळा झाला. धाकटा होबर्ट धडधाकट, अंगणात लाकडं फोडत होता. दुपारपर्यंत त्याच्या ओट्यावर कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव यांनी भरलेली इतकी भांडी जमली की दार उघडायची पंचाईत. आणणाऱ्या बायका त्याला चांगलं समोर बघत होत्या आणि भांडं ठेवूनच जात होत्या, कारण रेडिओवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी डेल्फाने चूक सुधारली तेव्हा नाराज झाला तो एकटा होबर्ट.

डेल्फा सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. अख्ख्या दरीची मावशी. तिचं काम दिसायला सोपं होतं: मयताचं नाव, वय, तो कुठल्या खाणीत होता, कुठल्या चर्चला जायचा, मागे कोण कोण उरलं. पण हे 'मागे कोण कोण' म्हणजे विस्तवावरून चालणं. एखादा चुलतभाऊ राहिला की दोन पिढ्यांची भांडणं. डेल्फाच्या तोंडून एकही चुलतभाऊ कधी राहिला नाही. स्वतःचा नवरा, बर्ल, गेला तेव्हा त्याचीही बातमी तिनेच वाचली. आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि मग ती रेडिओ स्टेशनच्या बाथरूममध्ये बराच वेळ बसून राहिली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्टेशन विकलं गेलं.

जुना मालक फ्लोरिडात समुद्रकिनारी पाय पसरून बसायला गेला आणि लेक्सिंग्टन शहरातल्या कुठल्याशा कंपनीने डस्टिन नावाचा मॅनेजर पाठवला. पस्तिशीचा, तुळतुळीत दाढी केलेला, पायात बूट असे की त्यांना कधी चिखल लागलेला नसावा. तोवर हे स्टेशन दाताच्या डॉक्टरकडे ताटकळताना कानावर पडतात तसली गुळमट गाणी लावायचं. डस्टिनने जाहीर केलं, येत्या सोमवारपासून इथे फक्त जुनी कंट्री गाणी वाजतील, दिवसभर आणि रात्रभर.

दरीला आनंदाचं भरतं आलं. पेंडीच्या दुकानासमोर ट्रक उभे करून, दारं उघडी टाकून पुरुषमंडळी गाणी ऐकू लागली. ज्यांना चर्चमध्ये कधी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ते गिटार ऐकून नाक पुसू लागले. डेल्फाला मात्र या गाण्यांचा मनापासून कंटाळा. "बायको गेली, कुत्रा गेला, ट्रक गेला, बाटली तेवढी राहिली," ती म्हणायची. "ह्याला गाणं कशाला म्हणायचं? हे तर माझ्या दिराचं चरित्र झालं."

पण गाण्यांचं दुखणं किरकोळ होतं. खरं दुखणं डस्टिनने तिला खुर्ची देऊन सांगितलं.

"टॅकेटबाई, आता सगळं कम्प्युटरवर आहे. कुठल्या मिनिटाला काय लागणार ते आधीच ठरलेलं. त्यात बोलणं बसत नाही."

"मग मेलेल्यांचं काय करायचं?"

"मरणाच्या बातम्या लागल्या की लोक दुसरं स्टेशन लावतात, असं कंपनीचं म्हणणं आहे."

"बाळा," डेल्फा म्हणाली, "चारी बाजूंनी डोंगर आहेत. दुसरं स्टेशन इथे लागतं कुठे?"

डस्टिनने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगर होते. शेवटी हो-नाही करता करता तडजोड झाली. दहा मिनिटांचं एक मिनिट झालं, तेही महिनाभर चालवून बघू या बोलीवर. डेल्फाने एका दमात जास्तीत जास्त चुलतभाऊ घ्यायचा सराव सुरू केला. हे मिनिट गेलं तर दरीतली माणसं परक्या गावच्या माणसांसारखी न सांगता-सवरता मरू लागतील, ही धास्ती तिला झोपू देईना.

आता झालं असं, की तिचं मिनिट संपलं की डस्टिन बटण दाबायचा आणि कम्प्युटर आपल्या रांगेतलं पुढचं गाणं लावायचा. पहिल्याच आठवड्यात ग्रोव्हर मॅगर्ड गेला. ग्रोव्हर म्हणजे असा चिक्कू की पाहुणा आला तर त्याने लवकर उठावं म्हणून घड्याळाला किल्ली द्यायला बसायचा. त्याच्या बातमीनंतर गाणं लागलं ते मित्राला कधी एक पेलासुद्धा न पाजणाऱ्या माणसाचं. पेंडीच्या दुकानासमोर हशा पिकला. दोन दिवसांनी एक ट्रक ड्रायव्हर वारला, आणि त्याच्यामागे लागलं लांबच्या रस्त्यावरून पहाटेपर्यंत घरी पोचणाऱ्याचं गाणं. त्याच्या मुली ढसाढसा रडल्या आणि डेल्फाचे आभार मानायला आल्या.

बस. दरीचं ठरलं. डेल्फामावशी आता प्रत्येक मयताला त्याच्या लायकीचं गाणं देते.

"अगं, मी देत नाही. ते यंत्र लावतं," डेल्फा किराणा दुकानात म्हणाली.

"तुम्ही नाहीच म्हणणार," दुकानदारीण डोळा मिचकावून म्हणाली. "न्यायाधीश काय आधी निकाल सांगतो?"

मग डेल्फाच्या दारी माणसं येऊ लागली. जी जिवंत होती पण फार काळ राहायची खात्री नव्हती, ती हातात काहीतरी घेऊन येत. मुरंबे आले, भरलेली अंडी आली, हरणाच्या मांसाच्या वड्या आल्या. चर्चचे पाद्री ब्रदर लॉइड स्वतः टोमॅटो घेऊन आले, हवापाण्याचं बोलले, आणि निघताना दारात घुटमळून म्हणाले, "सिस्टर डेल्फा, माझी वेळ येईल तेव्हा दारूचा उल्लेख नसलेलं काही मिळालं तर बरं पडेल." डेल्फाने कपाळाला हात लावला. पण टोमॅटो चांगले होते.

डस्टिन हरखून गेला. आठच्या त्या मिनिटाला दरीतली सगळी कामं थांबत होती. शाळेची बससुद्धा थांब्यावर थोडी रेंगाळायची. त्याने डेल्फाला बोलावून सांगितलं, "कुणी विचारलं तर नुसतं हसायचं. कम्प्युटरचं नावसुद्धा काढायचं नाही. हे असं चाललं तर तुमचं मिनिट पक्कं."

डेल्फा हसायला शिकली. तिला ते जमत नव्हतं, पण मिनिटासाठी ती तेवढं करत होती.

आणि मग अर्मिल कॉडिल गेले. अर्मिल म्हणजे चर्चचे डीकन, कारभार बघणारे, पांढरे केस मागे चापून बसवलेले, प्रार्थना करताना आवाज असा लावायचे की देवालाही उठून बसावंसं वाटावं. अंत्यविधीच्या दुकानातून मजकूर आला तसा डेल्फाने वाचला: "एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता, चर्चचे आधारस्तंभ." मागे पत्नी झेल्मा, मुलं, नातवंडं, एकूण एक चुलतभाऊ. मिनिट संपलं. कम्प्युटरने गाणं लावलं. दुसऱ्याच्या घराच्या मागच्या खिडकीतून, बूट हातात धरून पळणाऱ्या माणसाचं ते गाणं होतं, आणि मध्ये मध्ये कुत्रं भुंकत होतं.

दरी आधी चिडीचूप झाली आणि मग एकदम बोलू लागली. दुपारपर्यंत पेंडीच्या दुकानासमोर कुणाला तरी आठवलं, की अर्मिल दर गुरुवारी मासे धरायला जायचे आणि मासा कधी कुणी पाहिला नाही. संध्याकाळपर्यंत गुरुवार सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

मेलेला माणूस काही उलट उत्तर द्यायला येत नाही. डेल्फा तडक डस्टिनकडे गेली. "उद्या मी रेडिओवर खरं काय ते सांगणार."

"सांगा," डस्टिन म्हणाला, "पण मग ते मिनिट तुमचं शेवटचं. कंपनीला गंमत हवी आहे, खुलासे नकोत."

त्याच संध्याकाळी झेल्मा कॉडिल डेल्फाच्या घरी आली. काळा पोशाख, हातात सुक्या सफरचंदाचा थरांचा केक. डेल्फाने मनाची तयारी केली. शिव्या खायच्या, मान खाली घालायची. झेल्माने केक टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"गुरुवारचं."

"झेल्मा, देवाशप्पथ, मला कुणी काही सांगितलं नाही. ते गाणं कम्प्युटरने लावलं."

"मग त्याला कुणी सांगितलं?"

"अगं, त्याला काही कळत नाही. एक झालं की दुसरं लावायचं, एवढंच त्याचं काम. उद्या मी हे सगळ्यांना सांगणार आहे. अर्मिलच्या नावाला बट्टा लागला माझ्यामुळे."

"अर्मिलच्या नावाची फार काळजी तुला," झेल्मा म्हणाली. "मी पाद्रीबाबाला सांगितलं होतं. सख्ख्या बहिणीला सांगितलं होतं. दोघं म्हणाले, डीकनबद्दल असं बोलू नये, झेल्मा, तुला भास होतात. आयुष्य गेलं माझं भास होण्यात. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं. यंत्र का होईना."

डेल्फाने केक कापला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. "पण तुला तरी नक्की माहीत आहे का?"

"नाही. तुला माहीत होतं?"

"मला कुठून माहीत असणार?"

"मग 'एकनिष्ठ' कशावरून म्हणालीस?"

डेल्फाची सुरी थांबली. "मजकूर येतो तसा मी वाचते. सगळ्यांनाच तसं लिहिलेलं असतं."

"म्हणजे तूही एक झालं की दुसरं लावतेस," झेल्मा म्हणाली. रागाने नाही, केकचा तुकडा बशीत घेता घेता म्हणाली. मग दोघींनी केक खाल्ला. केक फार छान झाला होता.

दुसऱ्या दिवशी दरीत कुणीच मेलं नव्हतं, त्यामुळे मिनिट अख्खं डेल्फाचं होतं. काचेपलीकडे डस्टिन हाताची घडी घालून उभा. डेल्फाने चष्मा वर सरकवला, जे ती कधी करत नसे.

"आज आपल्यातलं कुणी गेलेलं नाही, देवाची कृपा. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, गाणी मी निवडत नाही. कम्प्युटर निवडतो आणि त्याला अक्कल नाही. अर्मिल कॉडिलचं गाणंही त्यानेच लावलं, त्यावरून कुणी काही ठरवू नये. दुसरी गोष्ट. मी त्याच बातमीत 'एकनिष्ठ पती' असं वाचलं. ते मला माहीत नव्हतं. होते का नव्हते, माझ्याकडे काही पुरावा नाही. तर तो शब्द मी मागे घेते. बाकी सगळं, चुलतभावांसकट, बरोबर आहे."

काचेपलीकडे डस्टिनने डोळे मिटले. त्याने गाणं सोडायला हात उचलला, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे झेल्मा होती. "ऐकलं," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो ठेवला तोच पुन्हा वाजला. डस्टिनने ऐकलं, भुवया वर गेल्या, आणि तो दार ढकलून आत आला. "मावशी, कुणी रूबी फील्ड्स आहेत. विचारतायत, त्यांच्या मिस्टरांचाही 'एकनिष्ठ' शब्द मागे घेता येईल का. फार वर्षं झाली म्हणे, पण हरकत नसेल तर."

"घे," डेल्फा म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. एका बाईला नवऱ्याचा नको होता, सासऱ्याचा मागे घ्यायचा होता. एकीने आपल्या नवऱ्याचा घ्यायला सांगितला आणि नवरा जिवंत होता. मागून त्याचाच आवाज येत होता, की कुणाशी बोलते आहेस. एकीला 'प्रेमळ पिता'सुद्धा काढून हवं होतं. मिनिट केव्हाच संपलं होतं. कम्प्युटर पुढचं गाणं घेऊन ताटकळत होता आणि डस्टिन ते सोडायचं विसरून फोन उचलत होता, डेल्फा माइकवर एकेक नाव वाचत होती, आणि ऐकणारी माणसं आपापल्या जागी खिळली होती. पेंडीच्या दुकानासमोरचे बरेच पुरुष ट्रकची दारं लावून घरी निघाले होते.

"मावशी," डस्टिन फोनवर तळहात ठेवून म्हणाला, "कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. उद्यापासून दहा मिनिटं घ्या." मग त्याने फोन पुन्हा कानाला लावला, ऐकलं, आणि तो तिच्या हातात दिला.

आर्मिंटा नेपियर होती. नव्वदीच्या घरातली, वरच्या खोऱ्यात एकटी राहणारी. कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोनवर ओरडून बोलायची, तीही आता घाईघाईत, जणू उशीर झाला तर काहीतरी हातचं जाईल.

"डेल्फा, सगळ्यांचे काढते आहेस का ग तू? माझ्या क्लाइडचा राहू दे. तो होता."