समुद्राच्या तळाशी उघडं दार

हसू नका हं, पण मी एक अख्खं घर पाण्यात बुडवलंय. तेही पोटच्या लेकीचं. आता काय काय सांगू आणि कुठून सांगू!

आधी एवढं समजून घ्या, की माझी सगळी हयात वरळीच्या चाळीत गेली. चाळीत दार सकाळी उघडलं की झोपतानाच लागायचं. दिवसा कुणाचं दार बंद दिसलं तर शेजारीण विचारायची, "काय गो, बरं आहे ना सगळं?" आता चाळीचा टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर आलो, आणि सगळे दारं लावून बसले. माझं डोकंच फिरतं. दारं लावून बसायला आपण काय चोरी केलीय?

तर माझी तन्वी, कॉलेजात आहे. सुट्टीचे दोन महिने घालवून तिने कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये समुद्राच्या तळाशी काचेचं घर बांधलं. एकेक ठोकळा रचून. शनिवारी पाच वाजता तिच्या मैत्रिणी ते बघायला येणार होत्या. साडेचारला ती म्हणाली, "आई, मी वडे घेऊन येते. तोवर तू फिर आत. फक्त एक लक्षात ठेव, दोन दारं आहेत. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही."

"मला समुद्र शिकवू नकोस. देवगडची आहे मी."

पोहता येत नाही, ते सोडा.

बसले कॉम्प्युटरसमोर, आणि गेले त्या घरातून बाहेर समुद्रात. कासव काय, शेवाळ काय! पापलेट समजून एका माशाच्या मागे लागले, तर मेला टम्म फुगून माझ्याच अंगावर आला. श्वास संपत आला तशी पळत घरात शिरले. आणि दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. चुकून नाही, मुद्दाम! म्हटलं, एवढं छान घर, जरा हवा खेळू दे.

पाणी आधी पायपुसण्यावर आलं. मग पलंगावर. मग छताला टेकलं.

तेवढ्यात तन्वी वडे घेऊन आली.

"आई, दारं?"

"उघडी आहेत."

"का?"

"घर आहे ना ते?"

ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "दोन महिने लागले गं मला." चुकलं म्हणायचं होतं, पण जिभेला हाड असेल तर ना! म्हटलं, "एवढं कच्चं घर बांधायचंच कशाला?"

तिने हेडफोन लावले आणि पाणी उपसायला बसली. "आधी दार लावायला शिक," एवढंच बोलली.

झोंबलं मला. लावून दाखवतेच दार, म्हणत तरातरा बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि असं काही ओढलं की मजला हलला. लॅचचं दार ते. चावी आत, मोबाईल आत, आणि मी मॅक्सीवर बाहेर. बेल वाजवून बोट दुखलं, पण हेडफोनवालीला काय ऐकू येणार? शेजारी जावं, तर एकाचं दार उघडं असेल तर शपथ.

पाचच्या ठोक्याला लिफ्ट उघडली. तिघी मैत्रिणी, नटूनथटून.

"काकू, घर बघायला आलो!"

"कुठलं बघताय?" मी म्हटलं. "एकात पाणी शिरलंय, आणि दुसऱ्यात मलाच शिरता येत नाही."