गफूरभाईंनी परत केलेला गोमेद

गफूरभाई गेल्याचं मला अमळनेरच्या एसटी स्टँडवर कळलं. जळगावहून त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला, ‘काका, अब्बा सकाळी गेले...’ आणि माझ्यासमोरच्या खांबावर चिकटवलेली जाहिरात, ‘सिद्ध केलेला गोमेद, हमखास गुण!’ शिसारी आली. नखांनी खरवडून काढली मी ती. लोक बघत राहिले, बघू देत.

गफूरभाई आयुष्यभर जळगावात खडे जडवत आले. गोमेद त्यांचा लाडका. तो तांबूस-नारिंगी खडा मला भिंगाखाली धरायला लावायचे. ‘देखा भाऊ, मझार पाक हाली राहिना.’ खरंच, आत साखरेचा पाक ढवळल्यासारख्या लाटा दिसायच्या. काचेत नुसते गोल बुडबुडे. गायीच्या मेदाचा रंग म्हणून गोमेद, राहूचा खडा म्हणून चांदीत, मधल्या बोटात, शनिवारी... सगळं त्यांना पाठ. पण गुण येईल असं गिऱ्हाइकाला त्यांनी कधी सांगितलं नाही. भिंगाच्याही आधी ते खडा खालच्या ओठाला लावत. खरा खडा बराच वेळ गार लागतो, काच लगेच कोमट होते.

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, कमलच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. देवपूरचा एक ज्योतिषी म्हणाला, राहू बिघडलाय, चाळीस दिवस गोमेद घाला, तोवर सुरी लावू नका. खडाही त्यानेच दिला. कमल ऑपरेशनला घाबरत होती, आणि खरं सांगतो, मीही. खडा घेऊन जळगाव गाठलं. गफूरभाईंनी तो ओठाला लावला, मग भिंगातून पाहिला.

‘काच शे, भाऊ. वहिनीले पहिले दवाखानामा लई जा.’

‘तुम्ही नुसता जडवून द्या.’

‘काचले मी कोंदण नही करस.’

त्यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. ‘तुम्हाला आमच्या राहूतलं काय कळतंय?’ दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. गफूरभाईंनी खडा पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवला. अंगठी मी दुसरीकडे करून घेतली.

चाळीस दिवसांत गाठ काखेपर्यंत पोचली. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता... वर्षभरात कमल गेली. दहाव्याला गफूरभाई आले, माझ्याशेजारी बसून राहिले. ‘मी सांगितलं होतं’ असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. माफी मागायची म्हणून मी कितीदा तरी जळगावला गेलो, आणि चहा पिऊन परत आलो. तो ज्योतिषी मात्र अजून दिवाळीला मोबाइलवर शुभेच्छा पाठवतो. थू! पण त्याच्याहून जास्त किळस मला माझीच येते.

परवा शबानाने अब्बांचं भिंग मला दिलं. घरी येऊन कपाटातली कमलची अंगठी काढली. इतक्या वर्षांत मी ती स्वतः एकदाही तपासली नव्हती. भिंग बाजूला ठेवलं आणि खडा खालच्या ओठाला लावला.

लगेच कोमट झाला.