कोणी येत-जात नाही असे माना

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या शालनने नौपाड्यातल्या घरीच नववीच्या मुलांना गणित शिकवायला घेतलं. मुलं तिला ‘टीचर’ म्हणतात. घाबरलो की मीही म्हणतो. तिचं लाडकं गणित एकच. अ देशाची लोकसंख्या दहा कोटी, दरवर्षी वीस लाखांनी वाढते. ब देशाची तेरा कोटी, दरवर्षी दहा लाखांनी घटते. तर किती वर्षांनी दोन्ही सारख्या होतील? समीकरण मांडायचं, क्ष बरोबर दहा. उत्तर पूर्णांकातच यायला हवं, अपूर्णांक तिला घरात चालत नाही. खाली एक ओळ ठरलेली: ‘दोन्ही देशांत कोणी येत-जात नाही असे माना.’

आमची एकुलती एक लेक प्रीती नोकरीसाठी जपानला गेली आणि लग्न करून तिथेच राहिली. तेव्हापासून ब देशाचं नाव जपान झालं. ओळ मात्र तशीच राहिली. मी एकदा म्हटलं, अगं, आपलीच गेली की. तर मला मेथी निवडायला बसवलं.

प्रीतीला दिवस गेल्याचं कळताच शालनने दवाखाना ठरवला, डिंक आणि आळीव आणून ठेवले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात तिच्या मते सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं. पण प्रीतीने फोनवर सांगितलं की डॉक्टर एवढा लांबचा प्रवास नको म्हणतात, बाळ तिथेच होईल. वर म्हणाली, “आई, तुझ्याच गणितात ते घटतायत ना? एक त्यांना दे की.”

शालन हसली नाही. आठवडाभर वरणात मीठ नव्हतं. मी तक्रार केली नाही, कारण मलाही फार वाईट वाटत होतं.

मग एका संध्याकाळी तेच गणित फळ्यावर असताना सान्वी नावाच्या मुलीने विचारलं, “टीचर, पण लोक खरंच गेले तर?”

शालन फळ्याकडे वळली. मग तिने ती ओळ तळहाताने पुसली आणि मुलांसमोरच प्रीतीला फोन लावला.

“तू नको येऊस. माहेर मी घेऊन येते.”

पलीकडे प्रीती रडायला लागली, इकडे मी. मुलांनी तोवर जाणारे-येणारे धरून समीकरण पुन्हा मांडलं होतं. दशांश चिन्हापुढे आकडे लांबतच चालले. सान्वी म्हणाली, टीचर, उत्तर पूर्णांकात येत नाहीये.

“नसू दे,” शालन म्हणाली, आणि मला माळ्यावरची मोठी बॅग काढायला सांगितली.