क्लोज म्हणायला हरकत नव्हती

आमच्या घरात शेवटाचं बोलायला बंदी होती. देवापुढचा दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढली. कोणी निघताना 'जातो' म्हणालं तर माझे यजमान त्याला परत आत बोलावत, पाणी प्यायला लावत आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडत. त्यांची माणसं किती पिढ्यांपूर्वी बंगळूरला आली ते कोणाला ठाऊक नाही. मराठीत निम्मी कन्नड मिसळली, पण ही बंदी तेवढी शाबूत राहिली. मला ते खूळ वाटे. मी चौथी शिकलेली, मला विचारतो कोण.

नव्वद सालच्या पुढची गोष्ट. आम्ही बनशंकरीला राहत होतो आणि नात दुसरीत होती. एकदा दिवेलागणीला ती पुस्तक घेऊन मोठ्याने घोकायला बसली. ओपन, क्लोज. स्टार्ट, फिनिश. फर्स्ट, लास्ट. यजमान नुकतेच चिकपेटच्या दुकानातून आले होते. ते काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "दिवा लागलाय, आता कसले शेवट घोकतेस?"

"अज्जी, हे इंग्रजी आहे. देवाला इंग्रजी येत नाही."

यजमान हसले. "सरी, बरं," म्हणाले. "इंग्रजीत चालेल."

मी ते लक्षात ठेवलं.

कारण डॉक्टरांनी त्यांना जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. हृदय थकलं होतं. आणि दुकान होतं चिकपेटच्या एका बोळात, माडीवर. साडीचे फॉल, लेस, अस्तरं. जिना असा उभा की गिऱ्हाइकंसुद्धा धापा टाकत वर येत. मी कितीदा म्हटलं, दुकान बंद करा. ते पानावरून उठत. "जेवताना असं अभद्र बोलू नये."

मग मी भाजी निवडताना नातीकडून ते शब्द पुन्हापुन्हा म्हणवून घेतले. एका रविवारी भात वाढताना विचारलं, "क्लोज कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घास संपवला. "दसऱ्याची आयुधपूजा झाली की."

"नक्की?"

"फिनिश," म्हणाले. "बायको म्हातारपणी इंग्रजी शिकली, तिचा मान नको ठेवायला?"

शब्द पाळला त्यांनी. कात्रीला, गजाला हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला, कुलूप घातलं आणि घरी आले. मला वाटलं, झालं. माणूस वाचला.

दुकानाशेजारच्या बटणवाल्याला काय सांगून आले ते मला तेव्हा कळलं नाही. त्याला म्हणाले होते, "येतो." तो बिचारा सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून ठेवत होता, अण्णा येतो म्हणालेत म्हणून. असाच एका रविवारी तो घरी आला. मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा विचारत होता, "अण्णा, कधी येताय? लोक रोज विचारतात."

"येतो, येतो," यजमान म्हणाले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "क्लोज झालं होतं ना?"

"ते तुझ्या-माझ्यात. बाहेर कशाला इंग्रजी?"

"मग आपल्या भाषेत सांगा त्याला."

"ज्या दुकानावर जन्मभर जेवलो, त्याचं असं तोंडाने कसं सांगू?"

त्यानंतर चार दिवस गेले असतील. मी गिरणीवर गेले होते. परत आले तर खुंटीवरचा सदरा नव्हता. नात म्हणाली, "अज्जा गेले. म्हणाले, स्वल्प बघून येतो, माणसाला शब्द दिलाय."

जिन्याच्या मध्यावर ते बसले ते बसलेच. बटणवाला पाणी घेऊन धावत आला तोवर मान कलली होती.

त्यांचे दिवस झाल्यावर मी दुकानातला माल काढायला गेले. तो जिना मीही दोनदा टेकून चढले. बटणवाला गठ्ठे बांधू लागला. मग हळूच म्हणाला, "अक्का, पुन्हा उघडायचं कधी?"

"मुगीतु," मी म्हटलं. कन्नडात. संपलं.

तो दचकला आणि आपल्या दुकानातल्या दिव्याकडे बघून त्याने हात जोडले. दिव्याला काही झालं नाही.

एवढाच शब्द. त्या रविवारी कॉफी गार व्हायच्या आत माझ्याच तोंडून सांगून झाला असता.