मेईची ओटी

मोठीआई कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने गेली नाही. सांवेरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा उतरायच्या आत तिची शेव चाखावी लागे. कुणी नको म्हटलं की ऐकवायची, "रिकाम्या हाताने वसुलीवाले जातात. अपन पाहुणे आहोत, समझलीस?" ती माझी चुलती, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. इंदूरला अन्नपूर्णा भागात आमची घरं एकाच गल्लीत. लग्नानंतरही मी त्याच भागात राहिले ते बरंचसं तिच्यासाठी, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

तिच्या पिशवीत एक खण आणि हळदीकुंकवाची डबी कायम असे. पण काका गेल्यापासून ती स्वतः कुणाला कुंकू लावत नसे. नात्यातल्या एका बाईने भर मांडवात तिचा हात बाजूला सारला होता, तेव्हापासून. त्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही. मला पुढे करू लागली. "हात तुझा, मन माझं. काय फरक पडतो?" म्हणायची. फरक पडत होता. त्या बाईशी मी आजही बोलत नाही.

समीर तिचा एकुलता एक मुलगा, चीनमध्ये यंत्रांच्या कंपनीत नोकरीला. फोन रोज करायचा, पण लग्नाचा विषय निघाला की नेमकं नेटवर्क जायचं. देवासची एक मुलगी मोठीआईला पसंत होती. समीर काही येईना, तेव्हा एक दिवस तिने जाहीर केलं, "तो येत नाही ना, मग मीच जाते. माझ्यामागे त्याच्या घरात त्याचं कोणी आहे, एवढं त्याच्या तोंडून ऐकलं की मी सुटले." सोबतीला मी आणि माझा नवरा.

तिथे पोचल्यावर पहिल्याच रविवारी समीरने आम्हाला खेडं दाखवायला नेलं. बरोबर मेई होती, 'ऑफिसमधली मैत्रीण'. चहाचे मळे, बदकांचं तळं, डोंगराच्या कुशीत कौलारू घरं. बघण्यासारखं होतं, पण मोठीआई प्रत्येक गोष्टीत माळवा शोधत होती. माती आपल्यासारखी काळी नाही म्हणून तिने नाक मुरडलं. तळ्याकाठी शेंगा सोलत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातावर शेव ठेवली आणि "कशी आहे, भिया?" असं खुशाल इंदुरीत विचारलं. म्हाताऱ्याने हात पुन्हा पुढे केला. त्यानंतर तासभर तिची ऐट काही विचारू नका.

दुपारी जेवायला तिथेच मेईच्या आईकडे गेलो, आणि मोठीआई गप्प झाली. दारात घरात घालायच्या सपाता मांडून ठेवल्या होत्या. आम्हा पाहुण्यांना मेईने एकेक जोड शोधून दिला. समीरने मात्र खाली न बघता एक जोड पायात सरकवला, आणि तो बरोबर त्याच्या मापाचा होता. मग कुणी न सांगता आत जाऊन गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला. जेवताना मेईची आई त्याच्या वाडग्यात वाढतच होती. तो नको नको म्हणत होता, ती ऐकत नव्हती. आपल्याकडे जावयाला असा आग्रह करतात. माझ्या नवऱ्याला कशाचा पत्ता नव्हता, तो बदकांचे फोटो बघत होता.

मोठीआईने हात धुतले. मेईच्या आईकडून खुणेने ओंजळभर तांदूळ मागून घेतले, पिशवीतला खण काढला आणि मला म्हणाली, "भर हिची ओटी."

कुमारिकेची ओटी भरत नाहीत, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. समीरलाही ठाऊक होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी खुणावलं तशी मेईने गोंधळून जॅकेटची कड पुढे धरली, मी तिला कुंकू लावलं, खण आणि तांदूळ घातले. मोठीआई सगळा वेळ लेकाकडे बघत होती, आणि देवाशपथ सांगते, त्या बघण्यात राग नव्हता.

"हे काय आहे ते तिला सांग," ती त्याला म्हणाली.

यापेक्षा सोपं करून आईने मुलाला आणखी काय द्यायचं? तो मेईशी चिनीत दोन वाक्यं बोलला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "सांगितलं, आपल्याकडची गिफ्ट द्यायची पद्धत आहे म्हणून."

"ठीक," मोठीआई म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं. परतीच्या वाटेवर समीर डोंगरांची नावं सांगत राहिला. ती खिडकीतून बाहेर बघत हूं हूं करत होती. होय की नाही हे तिने त्याला विचारलंच नाही. इंदूरला आल्यावर देवासच्या लोकांना नकार कळवला, बस.

नंतर फोनवर ती नेहमी विचारायची, "तिकडे सगळे बरे?" तो हसून म्हणायचा, "सगळे म्हणजे मी एकटाच की, आई." फोन ठेवल्यावर मोठीआई बराच वेळ उगाच भांडी आवरत बसायची. मला बघवेना. मी म्हटलं, सरळ विचारून टाक ना त्याला. ती म्हणाली, "विचारलं तर कबूल करेल गं. मला कबुली नको आहे. त्याने आपण होऊन सांगायला हवं." आणि मग माझ्याकडून वचन घेतलं की तिला कळलं होतं हे समीरला कधीच सांगायचं नाही. "जन्मभर जीव जळेल पोराचा," म्हणाली.

वाट बघता बघताच ती गेली. हार्ट अटॅक, दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. समीर एकटाच आला. तेराव्याला माणसं पांगल्यावर तिच्या खोलीत त्याने मला सांगितलं की मेई त्याची बायको आहे, आम्ही तिकडे गेलो त्याच्या आधीपासून. आईला सहन झालं नसतं म्हणून लपवलं. दिलेलं वचन आठवून मी तोंडावर हात ठेवून बसले होते म्हणा ना. मग त्याने मोठा श्वास सोडला.

"ओटी भरायला लावली तेव्हा मी घाबरलो होतो, पण पुढे तिने कधी काही विचारलं नाही. एक बरं झालं. आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. सुखाने गेली."

मग मात्र मी थांबले नाही. त्या खेड्यात तिला काय काय दिसलं होतं, ती फोनवर 'सगळे' का म्हणायची, एकेक सांगितलं. तो तिच्या पलंगाच्या कडेवर बसला.

"मग ती बोलली का नाही?"

"तू बोलशील म्हणून."

तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मोठीआईला दिलेला शब्द मी मोडला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.