सरांना कळवते

पेशंटच्या पायावरची चादर सारून ती आधी तळपायाला उलटा हात लावायची. बीपी, नाडी, चार्ट सगळं त्यानंतर. तळपाय गार लागला की माझ्याकडे वळून म्हणायची, "सिस्टर, ह्यांचं काय खरं नाय. सरांना कळवते." थोड्या वेळानं मशीनवर बघावं तर तिचा हात बरोबर निघालेला असायचा.

मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर आमचं पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे, आणि मी तिथली इनचार्ज. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी चार दिवस पडून राहिलं असेल तर आठवून बघा. डॉक्टरांचं नाव आठवेल, सिस्टरचं आठवणार नाही. मग मी तरी तिचं नाव कशाला सांगू?

मूळची कुडाळकडची, राहायला भांडुपला. बुटकी, आवाज मात्र चार खाटांपलीकडे जाणारा. डब्यात सुकटीची चटणी असली की पँट्रीत वास लपायचा नाही, आणि ती लपवायचीही नाही. एक काका रोज गोळी तोंडात घेतल्यासारखं करून उशीखाली सरकवायचे. तिनं उशी उचलून पाचही गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाली, "काका, अशानं उशी बरी होईल, तुम्ही नाय." काका घरी जाईपर्यंत फक्त तिच्याच हातून गोळ्या घेत होते.

"सरांना कळवते" हे वाक्य मात्र तिचं नव्हतं. ते मी तिला शिकवलं.

नवीन होती तेव्हा भर दुपारी एका बाईंना धाप लागली. हिनं खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, ऑक्सिजन लावला आणि मग मोठ्या सरांना, म्हणजे नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांना, फोन केला. बाई सावरल्या. सर आले ते नातेवाइकांसमोरच ओरडले, "डॉक्टर तू आहेस की मी?" आमच्या सरांना पेशंट वाचल्याचा आनंद नंतर होतो, आधी विचारलं का नाही याचा राग येतो. मी तिची बाजू घ्यायला हवी होती. त्याऐवजी तिला पँट्रीत नेलं आणि शहाणपणा शिकवला, "हे बघ, इथे आपलं डोकं चालवायचं नाही. आधी सरांना फोन, मग पेशंटला हात." ती म्हणाली, "आणि तोवर पेशंट?" मी म्हटलं, "तोवर फोन लागतो गं."

शिकली बिचारी. हुशार होती, लवकर शिकली.

दोन वर्षांनी तिनं परदेशात नर्स म्हणून काम करायच्या परवान्याची परीक्षा द्यायची ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइलवरचे सराव प्रश्न, असं वर्षभर चाललं. परीक्षा झाली. निकाल आला त्या सकाळी ती ड्रेसिंगच्या खोलीत गॉजच्या घड्या घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नापास, सिस्टर."

"असं कसं? तुला तर सगळं येतं."

"येतं ना. पण तिथे सारखं एकच विचारतात. पेशंटला असं असं होतंय, नर्स सगळ्यात पहिलं काय करेल? चार पर्याय. खाट वर करेल, ऑक्सिजन लावेल, असं कायतरी. आणि त्यात डॉक्टरांना कळवेल हा असतोच. माझं बोट तिकडेच जातं."

"अगं पण तुला माहीत होतं ना बरोबर काय ते?"

"माहीत होतं. पण हाताक सवय लागली."

सडलेला पाय धुताना मला कधी किळस आली नाही. त्या दिवशी आली, आणि ती माझी स्वतःची होती. परीक्षेला ती बसली, पण उत्तरं माझी देऊन आली.

मोठ्या सरांना कळलं तेव्हा ते वडापाव खात होते. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाले, "बरं झालं. सुंठीवाचून खोकला गेला. आता राहील गप इथेच." मी हसले. पंचवीस वर्षं त्यांच्या प्रत्येक वाक्यावर हसतेय, तशीच. शी!

ती काही गप राहिली नाही. आठवड्याभरानं म्हणाली, "मी परत शिकायला जातेय. माझा डिप्लोमा आहे, आता दोन वर्षांची डिग्री करते. डोकं चालवायची सवय परत लागली की परीक्षेला परत बसेन." कॉलेजच्या प्रवेशयादीत नावही लागलं. शुक्रवारपर्यंत ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला.

आणि ओरिजिनल आमच्या लोखंडी कपाटात. आमच्याकडे मुलगी कामाला लागली की तपासायला म्हणून तिची सर्टिफिकेटं घेतात आणि ठेवूनच देतात. मुलगी पळून जाऊ नये म्हणून. गुरं बांधतात तसं. ती सरांकडे तीनदा गेली. दोनदा "पुढच्या महिन्यात बघू" झालं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "नापास माणसाला सर्टिफिकेटं कशाला लागतात?"

गुरुवारी दुपारी सर ऑपरेशनला आत होते. मी कंबरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि तिची फाइल तिच्या हातात दिली.

"सरांना विचारलंत?"

"नाही."

तिनं उभ्याउभ्याच एकेक कागद बघितला. दहावी, बारावी, डिप्लोमा, नोंदणी. सगळे होते. मला वाटलं, आता रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "सिस्टर, तीन वर्षं किल्ली तुमच्याकडेच होती?"

"हो."

ती फाइल छातीशी धरून जिना उतरून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही की मेसेज नाही. मी तिच्या जागी असते तर मीही केला नसता.

कपाटात अजून सहा जणींच्या फायली आहेत. सर त्या दिवशी खूप ओरडले, पण किल्ली काही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली नाही. मला ओळखून आहेत ते.