उन्हानं हलकी झालेली दारं

आप्पा म्हणजे एक नंबरचे हट्टी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, एवढा कामाचा माणूस आणि असा कसा वागला? असाच वागला. चौतीस वर्षं घरोघरी जाऊन गॅरेजची दारं दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणी कधी चार शब्द सुनावलेले नसतात, त्याला कोण काय करणार!

गाव ओलं. वर्षातले दहा महिने पाऊस आणि उरलेले दोन महिने पावसाचं वातावरण. टॉवेल वाळत नाहीत, भिंतींची ओल सुटत नाही, गंज तर नोकरीला लागल्यासारखा रोज हजर. अशा गावात गॅरेजच्या दाराचे हाल कुत्रं खाणार नाही. चाकं रुळात अडकतात, तारा झिजतात, खालची रबरी पट्टी कुजते आणि बरोबर कामावर निघायच्या वेळी दार अर्ध्यावर रुसून बसतं. मग आप्पांना फोन. आप्पा यायचे, दार चहूबाजूंनी न्याहाळायचे आणि मालकाला विचारायचे, "शेवटचं तेल कधी घातलंत?" मालक छताकडे बघायचा. मग आप्पांचं दहा मिनिटं भाषण.

दार मोटर उचलते असं लोकांना वाटतं, या अज्ञानाचा आप्पांना भयंकर राग. अहो, मोटर नुसती ढकलते! कित्येक दारांना ती नसतेच. भार पेलते ती दाराच्या वर, आडव्या दांड्यावर बसवलेली जाडजूड स्प्रिंग. दार जेवढं जड, तेवढी ती पिळायची. आप्पा स्प्रिंग सैल करून दाराखाली वजनकाटा सरकवत, वजन वहीत लिहीत आणि मग दोन लोखंडी सळया घेऊन पाव पाव फेऱ्यानं पीळ देत. शेवटी दार कमरेइतकं उचलायचं आणि हात काढून घ्यायचा. ते तिथेच उभं राहिलं पाहिजे. राहिलं, की आप्पांचा चेहरा नातू झाल्यासारखा.

त्यांच्याबरोबर सहा वर्षं त्यांची मुलगी काम करायची. तिला घरात बारकी म्हणत. आता ती एकतीस वर्षांची होती आणि बापापेक्षा वीतभर उंच, पण नाव पडलं ते पडलं. चाकं, तारा, मोटर, सगळं ती आप्पांपेक्षा चटकन करायची. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही. एकदा सळई निसटून आप्पांची करंगळी कायमची वाकडी झाली होती, तेव्हापासून त्यांचा एकच हेका. "तुझे हात धड आहेत ते तसेच राहू देत."

बारकीनं सहा वर्षं ऐकून घेतलं. मग एका रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "आप्पा, पलीकडच्या शहरातली दारांची कंपनी मला बोलावतेय. तिथे स्प्रिंगचं काम देणार आहेत. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" आप्पा म्हणाले, आणि ताट अर्धं टाकून उठले.

बायको मागोमाग गेली. "अहो, एकदा तिच्या हातात द्या तरी."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"स्प्रिंगमधलं काही नाही. तुमच्यातलं सगळं कळतं. पोरगी गेली ना, की सगळ्यात आधी तुम्हीच कोलमडणार."

आप्पांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. करणार काय, कपाळ! खरंच होतं ते.

आणि त्याच वेळी गावात ऊन पडलेलं होतं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग एकोणीस दिवस. म्हाताऱ्यांनाही असं आठवत नव्हतं. लोकांनी गाद्या बाहेर काढल्या, बुटांचे जोड ओळीनं कुंपणावर चढले, सगळे उगाचच एकमेकांकडे बघून हसायला लागले. विसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आप्पांचा फोन वाजला.

"आप्पा, माझं दार आपोआप उघडतंय," शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या.

"आपोआप काही उघडत नसतं, बाई."

"मग काय आमचे सासरे उघडतायत? त्यांना जाऊन बारा वर्षं झाली!"

तो फोन ठेवतात तोच निवृत्त हेडमास्तरांचा. त्यांनी दार तीनदा लावलं, तीनदा ते पाठोपाठ वर गेलं; चौथ्यांदा त्यांनी दाराला दम भरला, तरी काही उपयोग नाही. मग दातांच्या डॉक्टरांचा. त्यांचा कुत्रा उघड्या दारातून पसार. दुपारपर्यंत अकरा फोन. सगळी दारं लाकडी, बिनमोटरची आणि सगळी आप्पांनी बसवलेली.

आप्पा आणि बारकी गल्लीत शिरले, तर काय बघावं! दोन्ही बाजूंची दारं अर्धी-अर्धी वर, आणि घराघराचा दडवलेला पसारा चव्हाट्यावर. डॉक्टरांकडे व्यायामाचं यंत्र, त्यावर बायकोच्या ओढण्या वाळत. हेडमास्तरांच्या गॅरेजात चकचकीत ड्रम. गावाला शिस्त लावणारा माणूस संध्याकाळी दार लावून ड्रम बडवतो, हे त्या दिवशी उघड झालं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर कानापर्यंत लाल.

आप्पांना मात्र हसू येईना. स्प्रिंगा ठणठणीत, तारा ठणठणीत. चौतीस वर्षांचं नाव पाण्यात जायची वेळ, आणि कारण काही सापडेना. बारकीनं गाडीतून वजनकाटा आणला. आप्पांनी शिवणकामवाल्या बाईंच्या दाराची स्प्रिंग सैल केली, दार काट्यावर टेकलं. वहीत ब्याण्णव किलो. काट्यावर चौऱ्याऐंशी.

"आप्पा, लाकूड वाळलंय. दार हलकं झालं, स्प्रिंग मात्र जुन्याच वजनाला ओढतेय," बारकी म्हणाली.

आप्पा काट्याकडे बघतच राहिले. या गावात त्यांनी कोरडं दार जन्मात पाहिलं नव्हतं. जे काट्यावर आलं ते दाराचं वजन, असं धरून चालले होते. "म्हणजे... चौतीस वर्षं मी पाणीसुद्धा तोलत होतो?"

दोन वर्षांपूर्वी बारकी नेमकं हेच म्हणाली होती आणि आप्पांनी तिला उडवून लावलं होतं. आता तिनं ते तोंडातून काढलं नाही. डोळे मात्र बोलत होते. आप्पांनी ते डोळे पाहिले आणि त्यांना असं हसू फुटलं, असं फुटलं, की ते फरशीवर बसले. बारकीही हसायला लागली. बाई कात्री हातात घेऊन बाहेर आल्या आणि या दोघांना ऊन बाधलं की काय, अशा नजरेनं बघायला लागल्या.

उपायही बारकीनंच काढला. पीळ मधल्या वजनाला बसवायचा, म्हणजे ओल्यालाही चालेल, कोरड्यालाही. आणि लाकूड वाळलेलं आहे तोवर दारांच्या कडा तेलरंगानं बंद करायच्या, विशेषतः खालची कड, जी कुणी रंगवतच नाही आणि तिथूनच दार सगळं पाणी पितं. रेडिओवर रविवारपासून पाऊस सांगितला होता. गावात अशी दारं सत्तावीस.

सत्तावीस दारं, अडीच दिवस. हिशेब बारकीनं मनात केला, आप्पांनीही केला. एकट्याच्या हातून होणं शक्य नव्हतं. ती मुद्दाम रस्त्याकडे बघत उभी राहिली. मागायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आप्पांनी गाडीतून सळया काढल्या. फडक्यानं एकेक पुसली. मग तिच्यापुढे केल्या.

"स्प्रिंगसमोर तोंड आणायचं नाही. बाजूला उभं राहायचं. सळई पुरती आत गेल्याशिवाय जोर लावायचा नाही."

"माहितीये, आप्पा."

"माहितीये काय! म्हणून दाखव."

तिनं म्हणून दाखवलं. मग शिडीवर चढली. आप्पांचा जीव नुसता मुठीत. ती वर पाव फेरा देई, तसे खाली यांचे हात हवेत फिरत. शेवटी तिनं दांड्यावरचे बोल्ट आवळले, खाली उतरली, दार कमरेइतकं उचललं आणि हात काढून घेतला. दार जागच्या जागी उभं.

"काय बघतेस?" आप्पा ओरडले. "सव्वीस राहिलीत अजून!"

त्यानंतर गल्लीत नुसती धमाल. एका घरात आप्पा, दुसऱ्यात बारकी. डॉक्टर पांढऱ्या कोटातच कड रंगवायला बसले, कुत्रा शेपटीला हिरवा रंग लावून परत आला आणि हेडमास्तरांनी, आता लपवायचं काय, म्हणून भर दुपारी ड्रम वाजवून दाखवले. बरे वाजवत होते, हे कबूल केलं पाहिजे.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं दार हेडमास्तरांचंच. बारकी शिडीवर होती. स्वतःची दारं आटोपून आलेले आप्पा जमिनीवर आडवे पडून खालची कड रंगवत होते.

"आप्पा, पाऊस आल्यावर दार पुन्हा जड नाही ना होणार?" हेडमास्तरांनी वाकून विचारलं. "तुम्ही सांगितलंत, की मी निर्धास्त."

आप्पांनी मानही वर केली नाही. "मला काय विचारता, मास्तर? मी रंगारी. मिस्त्री वर उभी आहे."

शिडीवरचे हात थांबले. आप्पांच्या तोंडून हा शब्द तिच्यासाठी कधी निघाला नव्हता. बारकीचे डोळे भरून आले, पण सळई स्प्रिंगमध्ये होती. तिनं ओठ आवळून तो फेरा पुरा केला, बोल्ट आवळले आणि मगच बाहीनं डोळे पुसले.

"नाही होणार, सर," ती वरून म्हणाली. "आणि झालंच, तर बोलवा. मी इथेच आहे. सोमवारी कंपनीला नाही म्हणून कळवतेय."

आप्पा ब्रश टाकून उठून बसले. हेडमास्तरांदेखत, भर रस्त्याकडेला, ते लहान मुलासारखे रडले, आणि रडताना हसतही होते. तोंडाला हिरवा रंग लागला तरी त्यांना भान नव्हतं.

बारकी शिडीवरून उतरली. तिनं खाली पडलेला ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला.

"पुरे आता, आप्पा. डावा कोपरा राहिलाय," ती म्हणाली. "नीट रंगवा."

"रंगवतो, बाई, रंगवतो," म्हणत आप्पा पुन्हा आडवे झाले.